सोपानची वायरिंग

सोपान गेल्याची बातमी कळली तेव्हा मनात पहिल्यांदा जे आलं, ते लिहायला लाज वाटते. पौडच्या माझ्या दुकानात बसलो होतो. लताताईंचा फोन आला. कासार आंबोलीला त्यांचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे. म्हणाल्या, "सोपानदादा गेले हो... सकाळी अंगणातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं." मी "अरेरे" म्हणालो. आणि आतून कुठून तरी एक विचार उठला, की आता तरी लोक मला बोलावतील. पुढच्याच क्षणी तो झटकला, पण विचार येऊन गेला होता. आज दीड महिना झाला, तो काही पुसला जात नाही.

आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात. सोपानचे वडील गेले, म्हणून त्याची शाळा सुटली. मी पुण्याला जाऊन इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, ठेकेदारीचा परवाना काढला, दुकान थाटलं. सोपान पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅनेल पुसायला लागला आणि पुसता पुसता शिकला. पुढे दहा-बारा वर्षं तो माझ्या कामांवर यायचा. मला तो "मास्तर" म्हणायचा. त्यात प्रेम किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

त्याचा हात बसला होता तो टायमर रिलेवर. ठरलेल्या वेळी मोटर किंवा व्हॉल्व्ह चालू-बंद करणारी ती हाताच्या पंजात मावणारी डबी. ती बिघडली की लोक सरळ नवीन बसवतात. मीही तेच करायचो. लताताईंकडे तर मी टायमर दोनदा बदलला. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट झाडांवर पाण्याचं धुकं सोडायचं, एवढंच त्याचं काम. पण फवारा सुरू व्हायचा, दोन सेकंदांत बंद पडायचा, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. काढून आणलेला टायमर दुकानातल्या टेबलावर शहाण्यासारखा चालायचा. उन्हाळ्याचे दिवस, फुलं माना टाकायला लागलेली. शेवटी ताईंनी माझ्यासमोरच सोपानला फोन लावला. मी तिथंच उभा होतो... त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सोपान आला आणि पॅनेलला हातही न लावता बादली पालथी घालून बसला. ताईंना विचारलं, "ह्ये असं कवापास्नं व्हतंय?" त्या म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीला नवा व्हॉल्व्ह जोडला ना, तेव्हापासून." हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग त्यानं मीटरच्या पिना टायमरच्या स्क्रूंवर धरल्या आणि म्हणाला, "ताई, आता सोडा पानी." बंद असताना चोवीस व्होल्ट दिसत होते. ते मीही मोजले होते. व्हॉल्व्ह उघडले, तसा आकडा पंधरावर आला, टायमर विझला, व्हॉल्व्ह मिटले, आकडा पुन्हा चोवीस. टायमर बिचारा पहिल्यापासून मोजायला लागला. सगळे व्हॉल्व्ह आणि टायमर एकाच बारीक वायरीवर होते आणि वाटेतला एक जोड ओलाव्यानं हिरवा पडला होता. सोपान माझ्याकडं बघून हसला. "मास्तर, टायमर चांगलाय. ऐन कामाच्या वक्ताला त्येला उपाशी ठिवलाय." त्यानं जोड नवा केला, टायमरला स्वतंत्र वायर ओढली. तासाभरात फवारा सुरळीत. ताईंनी त्याला घरात नेऊन जेवायला वाढलं. मलाही आग्रह केला. मी काम आहे म्हणून निघून आलो.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे जळायला लागलं ते विझलंच नाही. महाळुंग्याच्या नव्या इमारतींतून, कासारसाईच्या पंपांवरून त्याला बोलावणी यायची. माझ्या घरातला पंप अडला, तर माझा सख्खा बाप म्हणाला, "सोपान्याला बोलीव, तू ऱ्हाऊ दे."

मागच्या दिवाळीनंतर सोपान कागद घेऊन दुकानात आला. वायरमनच्या परवान्याची परीक्षा द्यायची होती. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा अनुभवाचा दाखला लागतो. "तुज्याकडंच तर काम केलंय समदं. सही दे, मास्तर." खोटं काही लिहायचं नव्हतं. एक सही. मी म्हणालो, "ठेवून जा, बघतो." तो गेल्यावर कागद खणात टाकला. त्यालाही परवाना मिळाला असता तर माझ्यापाशी त्याच्याहून जास्त काय उरलं असतं? दोन महिन्यांनी त्यानं एकदा विचारलं. म्हणालो, "सापडत नाही रे." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग." पुन्हा विषय काढला नाही. माझ्या कामावरही आला नाही.

तेराव्यानंतर सोपानच्या बायकोला, मंदावहिनींना, भेटायला गेलो. सांगूनच टाकलं, की कागद हरवला नव्हता. वाटलं होतं, रडतील, शिव्या घालतील. त्या सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्येंना ठावं व्हतं. तीन दिस धड जेवलं न्हाईत. म्हनलं, जाऊन भांडा तरी. तर म्हनले, मास्तर जळतोय माज्यावर, म्हंजी मला काम येतंय." एवढं बोलून त्या आत गेल्या. चहा आला नाही. मीही उठलो.

गेल्या आठवड्यात लताताईंनी बोलावलं. चौथी ओळ वाढवायची होती, टायमर जोडायचा होता. पॅनेलचं दार उघडलं आणि बघतच राहिलो. मागाहून कधीतरी सोपाननं आतली सगळी वायरिंग नव्यानं केली होती. एकेक वायर ओळीत, वळणं सारखी, टोकाटोकाला नंबर. कुठं बोट ठेवायला जागा नाही. इतकं देखणं काम या माणसानं कुणाला दिसणार म्हणून केलं असेल? आणि पोटात पुन्हा तीच जळजळ... मेलेल्या माणसावर. माझी नवी वायर त्याच्या वायरींशेजारी लावली, ती वाकडी दिसायला लागली. काढली, पुन्हा लावली. ताई मागून म्हणाल्या, "राहू द्या हो, चालतंय ना?" चालत होतं. तरी मी ती पुन्हा काढली.