सॅम्पलची पेटी मी भरली होती

सॅम्पल आप्पांनी बदललं नव्हतं. मी बदललं होतं.

हे आज दुपारी घाटावर सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. म्हणून इथं गावाच्या ग्रुपवर लिहितेय.

आप्पा आज पहाटे गेले. शाळेत चित्रकलेचे सर, रिटायर झाल्यावर डाळिंबवाले, आणि आमच्या दोननदी मंडळाचे अध्यक्ष. मी मंडळाची सेक्रेटरी. म्हणजे होते. मंडळ तर त्यांच्या आधीच गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतले नदीकाठचे डाळिंबवाले आप्पांनी दारोदार फिरून एकत्र आणले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपला माल परदेशात जातो, पण खोक्यावर नाव भलत्याचंच.

"आपल्या गावाला नाव न्हाई का? मग खोक्यावर का न्हाई?"

लेबल त्यांनी स्वतः काढलं. इनामगावच्या उत्खननात निघाली तसली रंगवलेली मडकी असतात ना, तसलं एक मडकं. खाली दोन निळ्या रेघा. एक घोड, एक भीमा.

मंडळात यायची अट एकच. शनिवारी नदीत उतरून जलपर्णी काढायची. "नदीचं नाव लावायचं आन् नदीकडं बघायचं न्हाई, आसं चालणार न्हाई." लोक कुरकुरत यायचे, पण यायचे.

मग पहिला कंटेनर ठरला.

माल जायच्या आधी फळात फवारणीचं औषध उरलंय का, ते बघायला लॅबला सॅम्पल जातं. प्रत्येकाच्या बागेतली दोन-दोन फळं, हाताला येतील ती. आप्पांनी मला चारदा बजावलं होतं.

"निवडू नको बरं का, सुनंदा. डोळं झाकून तोड."

तोडली मी तशीच. घरी येऊन पेटीत बघितलं तर कुणाच्या फळावर डाग, कुणाचं वाकडं. आणि मला लाज वाटली.

पाहुण्याला देताना आपण डागाळलेलं देतो का? चांगलं चांगलं वर काढून देतो. लॅबवाली शिकलेली माणसं, आपल्या गावाला काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. ती फळं मी बाजूला काढली. आप्पांच्या बागेत गेले आणि लालभडक, एकसारखी फळं तोडून पेटी भरली.

आप्पा औषध मारताना हात राखून मारायचे. रिपोर्ट एकदम क्लीन आला. आम्ही पेढे वाटले.

तिकडच्या बंदरात कंटेनर अडवला. कुणाच्या तरी फळांत औषध निघालं. सगळा माल तिथंच नष्ट केला, मडक्याच्या लेबलासकट.

खरी फळं लॅबला गेली असती तर औषध इथंच निघालं असतं आणि एकेकाची फळं तपासून ती एक बाग कळली असती. तेवढा माल मागं ठेवून बाकीचा गेला असता. इतकं सोपं होतं ते.

तळेगाव ढमढेऱ्याला मीटिंग झाली. आमचे जुने सभासद बाळूमामा उठले.

"सॅम्पल कुणाच्या बागेतलं व्हतं ते सांगा आधी. लोकांनी बघितलंय तोडताना."

मी बोलणार होते. शपथ घेऊन सांगते, बोलणारच होते. तेवढ्यात आप्पा उठले.

"माझ्याच बागेतलं. म्याच सांगितलं व्हतं पोरीला."

एवढं बोलून खाली बसले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सोताचा माल पुढं रेटला म्हाताऱ्यानं," मागून कुणीतरी म्हणालं. मी रजिस्टर मांडीवर घेऊन गप बसले.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "आप्पा, असं का केलंत?"

"तुला अजून ह्याच लोकांत राहायचंय. माझं काय, मी चाललोच."

"पुढच्या मीटिंगला मी खरं सांगते."

"सांग की. मी कुठं नको म्हणतोय?"

पुढची मीटिंग झालीच नाही. एकेक जण सुटत गेला. परत जुन्या व्यापाऱ्याला माल, परत दुसऱ्याचं लेबल.

शनिवारी नदीवर आम्ही दोघंच. सतरंजीएवढी जागा मोकळी करायचो, आठवड्यात ती परत हिरवी.

"आप्पा, काय उपयोग आहे ह्याचा?"

"उपयोग न्हाई. पण शनिवार हाय ना."

पुलावरून जाणारे वरून ओरडायचे, "आता जलपर्णी एक्स्पोर्ट करताय व्हय?" आप्पा हसून हात करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. माझ्यासारखी भित्री बाई मी बघितली नाही.

आज दुपारी वडगाव रासाईच्या घाटावर त्यांना अग्नी दिला. आपल्याकडं चितेसमोर माईक फिरतो. बाळूमामांनी घेतला. रडत होते ते, खोटं नाही सांगत.

"लाख माणूस. एकच चूक झाली त्यांच्या हातनं, ती आता आपण पोटात घालू."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी वरच्या पायरीवर बायकांत उभी होते. बायकांकडं माईक येत नाही. एरवी ह्यावर मी भांडते. आज ते माझ्या पथ्यावरच पडलं.

चितेच्या मागं नदी दिसत होती. पाणी कुठंच नाही, नुसती जलपर्णी. आणि आज शनिवार होता.

आता हे लिहून काय होणार? मंडळ उभं राहणार नाही. ज्यांना ऐकवायचं ते ऐकायला नाहीत. कळतंय मला.

पण बाळूमामा, तुम्ही हे वाचाल. आप्पांची चूक पोटात घालू नका. ती त्यांची नाहीच. माझी आहे, आणि ती पोटात घाला असं मी म्हणणार नाही.

दहाव्याला माईक मला द्या. नाही दिला तर मी पुढं येऊन घेईन.

आणि सावडायला याल तेव्हा राख सोडायला पाणी लागेल. उद्या सकाळी विळा घेऊन मी घाटावर आहे. सतरंजीएवढी जागा एकटीला होईल.

आप्पा, पुढची मीटिंग हीच समजा. सांगितलं मी.

सुखानं या आता.