रद्दीतली काळी पानं

बायको गेल्यावर तिची जुनी मासिकं मी कॅम्प तीन वस्तीतल्या रद्दीवाल्याकडे नेली. घरात ती बघवत नव्हती. रद्दीवाला सिंधी म्हातारा, माझ्याच वयाचा. नाव मी विचारलं नाही. गठ्ठा काट्यावर टाकायच्या आधी तो बोटाला थुंकी लावून पानं उलटत बसला. गाण्यांच्या कॅसेटची जाहिरात आली की त्याचा हात थांबायचा.

"बघ साईं," तो म्हणाला, "रडकं गाणं असलं की पान काळं, चित्रातली बाई खाली बघणार, नाव कोपऱ्यात बारीक. खुशीचं असलं की पान पिवळं, अक्षर मोठं, बाई हसणार. कागदातून आवाज येत नाही ना, मग रंगानेच ऐकवायचं."

मग चष्मा वर करून म्हणाला, "तुझ्या गठ्ठ्यात सगळी काळीच आहेत. पिवळी कापली कोणी?"

मला लगेच कळलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांखाली बायको तीच पिवळी चकचकीत पानं अंथरायची. हसऱ्या बाया तिने रोज नजरेसमोर ठेवल्या. रडक्या मिटून ठेवल्या, अन् मला कधी दाखवल्या नाहीत.

"गठ्ठा परत बांध," मी म्हणालो.

"रडकी घेऊन काय करशील?"

"ती पण तिचीच आहेत."