शेवटच्या नळीचं रबर

सकाळपासून पंप चालू होता, तरी गेजमधला पारा उतरायला तयार नव्हता. म्हणजे कुठून तरी हवा आत शिरत होती.

संस्थानी अमलातली गोष्ट. ग्वाल्हेरातल्या लश्कर भागातल्या एका प्रयोगशाळेत व्हॅक्यूमची यंत्रं माझ्याकडे होती. आम्ही सर्पविषावरचं सीरम सुकवत असू. पातळ सीरम ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. म्हणून ते काचेच्या कुप्यांत गोठवायचं आणि पंपानं हवा ओढायची. पाणी वाफ होऊन निघून जातं, तळाशी भुकटी उरते; टोचताना ती पाण्यात विरघळवतात. मग कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. आत हवा राहिली तर भुकटी दमट होऊन बिघडते.

मी एकेका सांध्याला स्पिरिट लावत गेलो. गळती असेल तिथे पारा एकदम हलतो. शेवटच्या नळीच्या रबराशी तो हलला. रबरात नखाएवढी भेग होती. सरळ धरलं की मिटायची, वाकवलं की उघडायची.

कुपी बंद करताना रबर वाकतंच. मागची खेप याच नळ्यांवर झाली होती आणि चार दवाखान्यांत पोचलीही होती. ‘तपासली’ या शब्दाखाली माझी सही होती. तपासायचं म्हणजे कुपीला विजेच्या कॉइलची ठिणगी दाखवायची. आत हवा नसेल तर कुपी जांभळी उजळते. नियम प्रत्येक कुपीचा होता. मी दहांतली एक पाहिली होती.

डॉक्टरसाहेबांकडे गेलो. “साहेब, मागची खेप परत मागवायला हवी.”

“ऐन पावसाळ्यात? किती कुप्या खराब असतील?”

“ठाऊक नाही. सगळ्या तपासल्या नव्हत्या.”

“घाई मीच लावली होती,” ते म्हणाले आणि तारा लिहायला बसले.

तीन दवाखान्यांनी कुप्या परत पाठवल्या. चौथ्याचं उत्तर येईना, म्हणून मीच निघालो. साहेबांनी बजावलं, “तिथे काही बोलू नका. रिपोर्ट मी लिहीन.”

तिथल्या कंपाउंडरनं मला पाहताच सांगितलं, “परसों दो लगाई थीं, बाबूजी. चूरा ठीक से घुला ही नहीं. दूसरी दवा थी नहीं.” निंदणी करताना एका बाईला नाग चावला होता. संध्याकाळपर्यंत ती गेली.

तिचा नवरा हरगोविंद मृत्यूची नोंद करायला आला होता. मी प्रयोगशाळेचा माणूस आहे हे कळल्यावर जवळ आला.

“बाबूजी, सब कहते हैं हमने लाने में देर कर दी. की थी क्या?”

साहेबांचे शब्द आठवले. पण त्याच्या तोंडाकडे पाहून खोटं बोलवेना.

“नहीं. तुम टाइम से आए थे. दवा खराब निकली. जाँच मेरी थी.”

तो म्हणाला, “ये बात उसके बाप से चलकर कह दो.”

मी गेलो. म्हातारा ओसरीवर बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं जावयाचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रिपोर्टात साहेबांनी ‘दंश गंभीर’ एवढंच लिहिलं. मी माझा जबाब वेगळा लिहून दिला. तो कुठल्या फायलीत गेला, कळलं नाही. मला ना शिक्षा झाली, ना कुणी काही विचारलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक कुपीला ठिणगी दाखवली. दहांतली एक तपासली तर उरलेल्या नऊंवर आपण फक्त भरवसा ठेवलेला असतो. सही मात्र दहांवर होते.