कोरड्या दिवसांची हवा

आमच्या शेजारचे भाऊ कारखान्यासाठी हवा मोजतात, पण ती कोरडी आणि स्वच्छ असेल तेव्हाच. हिवाळ्यात वैनगंगेवरून धुकं चढलं की यंत्र घरात आणि भाऊ चहाच्या टपरीवर. “यंत्रातला कागद भिजते ना जी,” ते शांतपणे सांगतात. त्यामुळे त्यांच्या रजिस्टरात आमच्या गावाची हवा बारमाही उत्तम असते.

परवा दाट धुक्यात ते आपल्या नव्या मोटरसायकलवर ताडपत्री बांधत होते.

“हे काहून?” मी विचारलं.

“चिमणीचा गॅस धुक्याच्या थेंबात मुरते. पाणी आंबट होते, मंग पेंट खाते.”

“अन् आमी तेच धुकं छातीत घेऊन राहिलो, त्याचं काय?”

गाठ आवळत ते म्हणाले, “तुमाले कुठं पेंट मारला हाये जी?”