वर्गणी भरून शिकलेला डाव

त्या पत्त्यांच्या खेळाचे डावपेच पैसे भरून शिकण्यात अर्थ आहे का, असं लोक इंटरनेटवर एकमेकांना विचारत असतात. कुणी म्हणतं, फुकटात सगळं मिळतं. कुणी म्हणतं, वेळ वाचतो. मी तिथे अजून काही लिहिलेलं नाही. मला विचाराल तर पैसे घेणारे ते लोक शिकवतात उत्तम, आणि माझं वाटोळं त्यानेच झालं.

मी आयुष्यभर रत्नागिरीत गणित शिकवलं. भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटा, आई लवकर गेल्यामुळे माझ्याच हाताखाली वाढलेला. मुंबईत नोकरी करताना त्याला या खेळाचा नाद लागला. हे आपले बावन्न पत्ते नव्हेत. चित्रांचे हजारो पत्ते विकत मिळतात, त्यातले साठ निवडून आपली गड्डी आपण बांधायची. अर्धा खेळ त्या बांधण्यातच असतो. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर तो नोकरी सोडून माझ्याकडे आला, तेव्हा सोबत कपड्यांची एक बॅग आणि पत्त्यांनी भरलेले बुटांचे दोन खोके होते.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. दोन महिन्यांत तो विटला. एकदा रिक्षात म्हणाला, "ताई, हे बंद करूया का?" भाजी आणायची का, असं विचारावं तसा आवाज. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "मला तुझा तो खेळ शिकव."

त्याच्या डाव्या हाताला दोन सुया असायच्या, तो हात हलवायचा नाही. मग मी सुताराकडून फणसाच्या लाकडाची एक पट्टी खाच पाडून आणली. तिच्यात पत्ते उभे राहायचे आणि तो उजव्या हाताने खेळायचा. दोघांच्या गड्ड्या मीच पिसायची. शेजारच्या मशीनवर पावस गावचे एक काका असत, आंब्याच्या बागेत राखणदार. त्यांना खेळ कळत नव्हता, पण हरलेलं तोंड बरोबर कळायचं. "ताई, आज पण बुडालात काय ओ?" ते विचारायचे, आणि मी बुडालेलीच असायची.

काही आठवड्यांनी भाऊ म्हणाला, "तू जरा बरी खेळलीस ना, तर मला घरी विचार करायला काहीतरी मिळेल."

मी मनावर घेतलं. जन्मभर पालकांना बजावत आले, की मुलांना शिकवण्या लावू नका, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची सवय लागते. आणि मीच एका वेबसाइटची महिन्याची वर्गणी भरली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. परदेशातले पट्टीचे खेळाडू तिथे धडे लिहितात. कुठला पत्ता कधी टाकायचा, कुठे हात आवरायचा, सगळं. तो झोपला की मी वही घेऊन पाठ करत बसायची.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याला हरवलं. लागोपाठ दोनदा. "कुठून शिकलीस?" त्याने विचारलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी रंग दिसत होता. मी म्हणाले, "कुठून कशाला? डोकं आहे की मला."

तो सिस्टरना सांगत सुटला, की ताई या वयात शिकली आणि मला हरवते. घरी आल्यावर जाड वहीत काहीबाही लिहायचा, मला बघू द्यायचा नाही. डायलिसिसच्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर रिक्षाची वाट बघायचा. मी मनात म्हटलं, थापेने कुणाचं वाईट झालंय?

एक दिवस काकांना पत्त्याचं कुठलंसं चित्र दाखवायला त्याने माझा फोन मागितला. तेवढ्यात मेसेज आला, की वर्गणी पुढच्या महिन्यासाठी चालू ठेवली आहे. त्याने तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"कधीपासून?"

मी सांगितलं. त्याने फोन पालथा करून माझ्यापुढे ठेवला आणि डाव अर्धाच राहिला.

पुढच्या वेळी पत्त्यांचा खोका घरीच राहिला. मी म्हणाले, "मी ते सोडून देते. पहिल्यासारखी माझ्या मनाने खेळते."

"असे धडे पाठ करून खेळणाऱ्यांशी मी मुंबईत खेळलोच होतो, ताई," तो म्हणाला. "मला तुझ्याशी खेळायचं होतं."

नंतर तो "आज नको" म्हणायला लागला. डायलिसिसचा एखादा दिवस चुकायचा, कधी दोन. मी ओरडले, रडले, हातापाया पडले. एका सकाळी मी चहा गाळून आत नेला तर तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी वाद घातला नाही. शिमग्यात सुतक होतं, पालखी आमच्या दारी न थांबता पुढे गेली.

त्यानंतर मी त्याची ती जाड वही उघडली. पानापानावर मीच होते. मी कशाला किती वेळ घेते, कशाला घाबरते. एका ठिकाणी लिहिलं होतं, "इथे ताई मारू शकते, पण मारत नाही. समोरच्याला फार दुखवणं तिला जमत नाही. पहिल्यापासून अशीच." तिथे हात आवरा, असं त्या वेबसाइटच्या तिसऱ्या धड्यात सांगितलेलं होतं. मी ते फक्त पाठ केलं होतं.

फोन पाहिल्यानंतर कधीतरी त्याने वही पुन्हा काढली असावी. वेगळ्या शाईने प्रत्येक पानावरचं "ताई" खोडलेलं होतं, कागद फाटेल इतकं दाबून. मी शेवटापर्यंत पानं उलटत गेले. एकच ओळ त्याने तशीच ठेवली होती.

"हरायला लागली की ताई चष्मा पुसते."