शोभेचा पाम

मी लॉनवर गुडघे टेकून बसले होते आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवली होती. तेवढ्यात तळमजल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

"अवं बाई! माती काऊन खाऊन राहिल्या जी तुम्ही?"

"चव बघतेय, काकू."

"मंग चहा तरी घ्या त्याच्यासंगं."

मी लँडस्केप कन्सल्टंट. म्हणजे बागा आखून द्यायच्या आणि त्या बिघडल्या की का बिघडल्या ते सांगायचं. डॉक्टरसारखंच काम. फरक एवढाच की पेशंट बोलत नाही आणि नातेवाईक थांबत नाहीत.

आयटी कंपन्या आल्या आणि बाणेरकडच्या शेतांत टॉवर उगवू लागले, तेव्हाची ही गोष्ट. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये फ्लॅटच्या आधी लॉनचा फोटो असायचा. लोक फोटो बघून फ्लॅट घ्यायचे आणि मग उरलेलं आयुष्य त्या लॉनवरून भांडायचे. माझा धंदा त्यावर छान चालला.

या सोसायटीचे सेक्रेटरी होते पारुळेकर. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. पण नोटीस लिहिण्यात त्यांनी सदाशिव पेठेलाही मागे टाकलं होतं. लॉनच्या कडेला त्यांची पाटी होती: 'लॉन पाहण्यासाठी आहे. पाहून झाल्यास पुढे जावे.' लॉनच्या एका बाजूला त्यांचा फ्लॅट, समोरच्या बाजूला वानखडे काकूंचा. मधलं गवत सगळ्यांचं, म्हणजे भांडण या दोघांचं.

काकूंच्या गॅलरीसमोर लॉनला मोठाले पिवळे डाग पडले होते. काकूंकडे बंड्या नावाचा कुत्रा होता. पारुळेकरांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि खटला संपवला. रविवारच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये बंड्याला सोसायटीबाहेर काढायचा ठराव येणार होता. मला बोलावलं होतं ते फक्त शिक्का मारायला.

"एक ओळ लिहून द्या मॅडम," पारुळेकर म्हणाले, "की सदर नुकसान श्वानमूत्रामुळे झालं आहे."

"आधी बघते तरी."

"बघा की. आपल्याला बघण्याचेच पैसे देतोय."

काकू वर्ध्याच्या. नवरा गेल्यावर लेकीकडे राहायला आलेल्या. लेक स्नेहल सकाळीच हिंजवडीची बस पकडायची, ती अंधार पडल्यावर उगवायची. चहाचा कप माझ्या हातात देताना काकू म्हणाल्या, "पोरगी कामाले जाते. बिल्डिंगीत कोनी दार उघडत नाही. दिवसभर माझ्याशी बोलनारा हा एकच हाय जी. त्याले काढलं तं मी कोनाशी बोलू?" बंड्या माझे बूट हुंगत होता. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून रिपोर्ट लिहिता येत नाही.

मग मी कामाला लागले. कुत्र्याने लॉनवर लघवी केली की मधलं गवत जळतं, पण त्या जळक्या गोलाच्या भोवती गवताची गर्द हिरवी कड उठते. कारण लघवीत नत्र असतं, म्हणजे युरियासारखं खतच. मधे जास्त पडलं म्हणून जळतं, कडेला बेताचं पडलं म्हणून फोफावतं. इथे कुठल्याच डागाला हिरवी कड नव्हती. उलट माती कडक झाली होती आणि तिच्यावर पांढुरकी भुकटी दिसत होती. म्हणून तर मी ती जिभेवर ठेवली. चक्क खारट. खारटपणा मोजायचं छोटं मीटर माझ्या पिशवीत होतं, त्यानेही तेच सांगितलं. पण मीटरच्या आधी जीभ, अशी माझी सवय आहे.

लॉन कधीच सपाट नसतं. पाणी साचू नये म्हणून त्याला हलका उतार देतात. मी डागांवरून उताराच्या उलट दिशेने माती तपासत निघाले. जसजशी वर गेले तसतसा आकडा चढत गेला. शेवटी मी पोचले ते पारुळेकरांच्या खिडकीखाली. तिथे एक झाड उभं होतं, माझ्यापेक्षा थोडं उंच. सगळ्या आवारात त्याच्याइतकं टवटवीत दुसरं काही नव्हतं.

"हा माड कोणी लावला?" मी विचारलं.

"माड नाही," पारुळेकर म्हणाले. "शोभेचा पाम. सामायिक जागेत फळझाडं लावायला बंदी आहे. शोभेची झाडं समितीच्या परवानगीने चालतात."

"परवानगी कोणी दिली?"

"समितीने."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच. आपल्याला अजून काही विचारायचं आहे?"

नव्हतं. मला सगळं कळलं होतं. कोकणात माडाच्या बुंध्याशी खडे मीठ घालायची जुनी रीत आहे. माडाला ते मानवतं. तिथली माती पाणी धरत नाही, पाऊसही धो धो, त्यामुळे जास्तीचं मीठ धुऊन समुद्राकडे परत जातं. पुण्याची काळी माती मात्र चिकट. तिच्यात आलेलं मीठ पेन्शनरासारखं ठाण मांडतं. पारुळेकर मायेने माडाला मीठ घालत होते, वरून लॉनचं पाणी पडत होतं आणि ते खारं पाणी उताराने काकूंच्या गॅलरीसमोर जाऊन साचत होतं. माड खूश, गवत खलास आणि आरोपी बंड्या.

पण सांगायचं कसं? मीठ घातल्याचं कबूल केलं तर तो माड ठरणार. माड ठरला तर फळझाड. आणि फळझाडांना बंदी करणारा नियम पारुळेकरांच्याच सहीचा. माणूस स्वतःच्या नोटिशीत असा अडकलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगते, मजा वाटली.

रविवारी क्लबहाउसात मीटिंग भरली. काकू मागच्या खुर्चीवर पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "कुत्र्याचा काही संबंध नाही. मातीत मीठ झालंय. कोणी घालतं का?"

पारुळेकर पंख्याकडे बघत होते.

"लॉनला मीठ कोण घालील?" शेवटी तेच म्हणाले. "काहीतरीच!"

"बरोबर आहे आपलं," मी म्हटलं. "मग उपाय सोपा आहे. सगळ्यात जास्त मीठ त्या पामच्या बुंध्याशी आहे. शोभेचंच तर झाड. उद्या मुळासकट काढू, तिथली माती बदलू, दुसरा पाम लावू."

"चालेल!" चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. "ठराव करून टाका."

पारुळेकर ताडकन उठले. "माडाक हात लावूचो नाय!"

सगळं क्लबहाउस त्यांच्याकडे बघायला लागलं. पारुळेकर सावकाश खाली बसले. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "गावचं घर विकलं, तेव्हा तिथून एवढं एक रोप आणलं होतं. बाकी काही आणलं नाही."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण नंतर सगळेच हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या मागूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या जी त्यायचं झाड. एकट्या मान्साले काहीतरी लागतेच."

बंड्याचा ठराव बारगळला. माडासाठी नियमाला अपवाद केला. जमिनीत मीठ सुटं करणारी जिप्समची भुकटी घालून आम्ही पावसाळ्यापर्यंत थांबलो, कारण मीठ धुवायला पाणी लागतं आणि तिकडे तेव्हा टँकर होते. पुढच्या दिवाळीपर्यंत लॉन हिरवंगार झालं. माडाखाली नवी पाटी लागली: 'हा माड शोभेचा आहे. नारळ लागल्यास तेही शोभेचे समजावेत.'

तेव्हापासून मी एक शिकले. आजारी जागा बघायला बोलावलं की मी आधी तिच्या शेजारी सगळ्यात खुशाल कोण आहे ते बघते. बागेत हे लागू पडतं. इतर ठिकाणचं मी सांगत नाही.

लॉनच्या देखभालीसाठी मी पुढेही कैक वर्षं तिथे जात होते. एकदा बघते तर पारुळेकर हातात काहीतरी धरून काकूंचं दार वाजवत होते.

"नोटीस असन तं दाराखालून सरकवा जी," आतून आवाज आला.

"नोटीस नाही. शहाळं आहे. पहिलंच."

दार उघडलं. काकूंनी शहाळं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. बंड्या म्हातारा झाला होता, तोही हुंगून गेला.

"शोभेचं नं हे?" काकूंनी विचारलं.

"प्यायचं," पारुळेकर म्हणाले.