सांडूभाऊंच्या जोड्या आणि काकासाहेबांचं अंतराळ

काकासाहेबांनी घरात मॉड्युलर किचन बसवलं आणि तेव्हापासून त्यांना मॉड्युलर या विषयातलं सगळंच कळायला लागलं. काकासाहेब म्हणजे आमचे मालक. चितेगावकडची जमीन विकून त्यांनी चिकलठाण्यात वर्कशॉप टाकलं होतं. त्यांच्या किचनचा तिसरा ड्रॉवर ओढला की चौथाही बाहेर यायचा आणि पहिला बंद करायला वहिनींना गुडघा लावावा लागायचा. पण ज्ञान ते ज्ञान. अंतराळाचं काम करणाऱ्या एका संस्थेकडून आम्हाला ऑर्डर आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "घाबरायचं काय काम नाय. हे आपलं किचनच हाय. फक्त आकाशातलं."

खरं तर आकाशात काहीच जाणार नव्हतं. संस्थेला अंतराळस्थानकाचा जमिनीवर ठेवायचा नमुना हवा होता. माणूस आत उभा राहील एवढे आठ गोल डबे. प्रत्येक डब्याच्या एका तोंडाला बारा पिनांची रिंग, दुसऱ्या तोंडाला बारा भोकांची. तिथली शिकणारी मंडळी हे डबे जोडणार, सोडवणार, क्रम बदलून पुन्हा जोडणार. डबे दुसरीकडे बनत होते, सोळा रिंगा आमच्या वाट्याला आल्या. पण काकासाहेबांनी क्रांती चौकात भेटेल त्याला "आपला माल वर चाललाय" असं सांगून टाकलं होतं.

रिंगा मशीनवर कापून यायच्या, पण शेवटचं बसवण्याचं काम हाताचं. आणि हात म्हटलं की सांडूभाऊ. चितेगावच्या शेतकरी घरातला माणूस, तीस वर्षं आमच्याकडे फिटर. एकाच बेंचपाशी, म्हणजे कामाच्या टेबलापाशी, उभा. बोलणं इतकं कमी, की पहिल्या वर्षी मला ते मुके वाटले होते. त्यांनी दोन भाग एकमेकांत बसवले की मध्ये सिगारेटचा कागद जायचा नाही. ते दोन भाग एकमेकांवर इतके घासायचे, इतके लाडाने घासायचे, की शेवटी ते भाग जगात दुसऱ्या कुणाचेच राहायचे नाहीत. मग पंचने दोघांवर सारखे ठिपके मारायचे. एक ठिपका एक ठिपक्याला, दोन दोनाला. त्याला ते जोडी लावणं म्हणायचे. घरातल्या डब्यांची झाकणंसुद्धा त्यांनी अशीच जोडी लावून ठेवली होती. मिठाचं झाकण हळदीच्या डब्याला लागत नाही याचा त्यांना कोण अभिमान! त्यांची बायको भागूबाई रोज सकाळी झाकणं शोधत फिरायची आणि त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

मी तिथला तपासनीस. श्रीधर माझं नाव. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील कलेक्टर कचेरीत कारकून, आणि मी कारखान्यात बसून तीच कारकुनी करणारा. आमच्याकडे तपासणी म्हणजे ठिपके मोजणं. ठिपके जुळले, भाग बसला, शिक्का मारला, चहा घेतला.

त्या रिंगांच्या ड्रॉइंगवर तळाशी एक ओळ होती. कोणतीही पिनांची रिंग कोणत्याही भोकांच्या रिंगेला बसली पाहिजे. मी ती वाचली होती. एसटी स्टँडवर "थुंकू नये" आपण वाचतो, तशी वाचली होती. सांडूभाऊंना सांगितली नाही. त्यांनी महिनाभर खपून आठ जोड्या लावल्या, एका ठिपक्यापासून आठ ठिपक्यांपर्यंत. मी आठही तपासल्या आणि आठही वेळा मान डोलावली.

दोष एकट्या आमचा तरी कसा म्हणायचा? इथून तासाभरावर वेरूळला आमच्या पूर्वजांनी अख्खं देऊळ एका दगडात वरून खाली खोदलं. सांधाच ठेवला नाही, मग तो जुळायचा प्रश्न येतो कुठे? खांब बिघडला तर बदलून दुसरा लावू, असली हलकी गोष्ट त्या मंडळींच्या डोक्यातही आली नसणार. अशा थोर परंपरेतल्या लोकांकडून जगाने सुटे भाग मागावेत म्हणजे कमालच.

तर संस्थेतून कालिंदी मॅडम तपासणीला आल्या. मूळच्या आमच्याच शहरातल्या, त्यामुळे मराठीत बोलत होत्या. मी रिंगा टेबलावर जोडीजोडीने मांडल्या होत्या. पहिली बसवली, टक्. दुसरी बसवली, टक्. काकासाहेब प्रत्येक टक् आवाजाला हसत होते. मग मॅडमनी दोन ठिपक्यांची पिनांची रिंग उचलली आणि पाच ठिपक्यांच्या भोकांवर ठेवली. बसली नाही. फिरवून ठेवली, तरी नाही.

सांडूभाऊ पुढे आले. "मॅडम, ती त्याची नाय. तिची जोडी तिकडं हाय," ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. लग्नघरात कुणी चुकून दुसऱ्याच्या बायकोशेजारी बसावं, तसं त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

"आणि सरावात नेमकी तिची जोडी सापडली नाही तर?" मॅडमनी विचारलं. "खऱ्या कामात हवा संपत आली असेल तर? ठिपके शोधत बसायचं का?"

सगळा माल परत. एकवीस दिवसांची मुदत. मॅडम गेल्यावर काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी ड्रॉइंगकडे पाहिलं आणि शेवटी दोघांनी मिळून सांडूभाऊंकडे पाहिलं. आपल्याकडे चूक नेहमी ज्याचे हात काळे असतात त्याचीच असते. काकासाहेबांनी नुकतंच एक नवं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन बुक केलं होतं आणि बेंचवरच्या लोकांना घरी बसवायचं त्यांच्या मनात घोळत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "सांडू, हे निस्तरलं तर रिटायर होईस्तोवर तुला कुणी हात लावनार नाय. नाय निस्तरलं तर बेंचसंगट तू बी गेला बघ."

रिटायर व्हायला सांडूभाऊंना दोन वर्षं होती. घरी खायला होतं, पण त्यांना बेंच सोडायचा नव्हता. "घरी काय करू, श्रीधरराव?" ते मला म्हणाले. "तितं घासाया काय बी नाय."

घासून मोठी झालेली भोकं लहान होत नाहीत. सोळाही रिंगा नव्याने कापून आणल्या. पण करायचं काय? आठ पिनांच्या आणि आठ भोकांच्या, म्हणजे चौसष्ट जोड्या लावायच्या. एक घासून तिसरीला बसवावी, तर ती पहिलीला सैल. तीन दिवस सांडूभाऊ नुसते रिंगांसमोर उभे राहिले. चौथा दिवस रविवार होता. मी माझ्या स्कूटरवर त्यांना चितेगावला त्यांचा भाऊ फकिरा याच्या वीटभट्टीवर घेऊन गेलो. मला अपराधी वाटत होतं, हे कबूल करतो. ती ओळ मीच गिळली होती.

फकिराने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसायलाच लागला. "विटंला काय सोयरीक बघायची असती व्हय? समद्या एका साच्यातनं काढायच्या. कोनची बी कुटं बी बसती."

"तुझ्या विटा वाकड्या असत्यात," सांडूभाऊ म्हणाले. "तरी कशा बसत्यात?"

"मधी गाऱ्याला जागा ठिवतो ना! एकीला एक चिटकून लावली तर भिंत व्हतीय व्हय कुटं?"

सोमवारी सांडूभाऊंनी दोन गेज, म्हणजे मापाचे पक्के नमुने, बनवायला घेतले. एक पिनांचा, एक भोकांचा. आता रिंगेची गाठ रिंगेशी घालायचीच नाही. प्रत्येक पिनांची रिंग भोकांच्या गेजला बसवायची, प्रत्येक भोकांची पिनांच्या गेजला, आणि मध्ये केसाएवढी फट सोडायची. ड्रॉइंगवर तेवढी फट चालणार होती. तीही ओळ मी आता वाचली.

सांगायला सोपं आहे. पण तीस वर्षं ज्याने कागद जाऊ दिला नाही, त्याला मुद्दाम फट सोडायला लावणं म्हणजे गवयाला जरा बेसूर गा म्हणण्यासारखं. पहिली रिंग गेजमध्ये सैल हलली तेव्हा सांडूभाऊंनी ती चटकन फडक्याने झाकली. कुणी पाहू नये म्हणून. मला त्या वेळी हसू आलं, त्याची आज लाज वाटते.

गेजची आखीव ड्रॉइंगं मी काढली. ती वापरायची कशी, हेही मी पायरीपायरीने लिहून काढलं, चित्रांसकट. कुणालाही कळावं असं. गाठीशी अनुभव नसला तरी चालावं असं. माझ्या तीन पिढ्यांच्या कारकुनीचं सार्थक झालं असं मला वाटलं आणि मी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून बेंचच्या वर टांगला.

एकविसाव्या दिवशी कालिंदी मॅडम आल्या. त्यांनी रिंगा टेबलावर पत्त्यांसारख्या पिसल्या. कोणतीही उचलायची, कोणत्याही रिंगेवर ठेवायची. चौसष्टच्या चौसष्ट बसल्या. एकाही रिंगेवर ठिपका नव्हता. मॅडमनी सांडूभाऊंचा हात हातात घेऊन "फार अवघड काम केलंत" असं म्हटलं आणि सांडूभाऊ मान खाली घालून उभे राहिले. "जरा सैल हाय मॅडम," ते हळूच म्हणाले. त्या माणसाला कौतुकसुद्धा नीट घेता येत नव्हतं.

काकासाहेबांनी मॅडमबरोबरचा फोटो मोठा करून ऑफिसात लावला. त्यात ते मध्ये होते, मी कडेला होतो आणि सांडूभाऊ फोटो काढत होते.

पुढच्या महिन्यात संस्थेने आणखी चाळीस रिंगा मागवल्या. काकासाहेबांनी सांडूभाऊंना ऑफिसात बोलावून घेतलं, बसायला खुर्ची दिली. इतकी वर्षं "अरे सांडू" म्हणणारा माणूस त्या दिवशी "सांडूजी" म्हणाला, तेव्हाच मी समजायला हवं होतं. शाल होती, नारळ होता. "लई राबलात. आता आराम करा," काकासाहेब म्हणाले. दिलेल्या शब्दाची मी आठवण करून दिली. ते माझ्यावर चिडले नाहीत. त्यांनी प्लास्टिकमधला माझाच कागद माझ्यासमोर धरला. "श्रीधरराव, तुमीच तर लिवलंय. अनुभव नसला तरी चालंल. मंग इतका म्हातारा फिटर कशाला पोसू?"

मी तो कागद घेतला आणि परत बेंचच्या वर टांगला. मुलीचं लग्न ठरत होतं, कर्ज होतं, वगैरे वगैरे. भित्र्या माणसाकडे कारणांची कमतरता कधी नसते.

सांडूभाऊंनी दोन्ही गेज तेल लावून कापडात गुंडाळले, माझ्या हातात दिले आणि जालना रोडवरून रिक्षाने निघून गेले.

त्यांच्या जागी तीन महिन्यांच्या कंत्राटावर अंबिका नावाची बावीस वर्षांची मुलगी आली. आयटीआय झालेली, चुणचुणीत, कामाला चोख. तिच्यावर मला रागवायचं होतं, पण ते काही जमेना. तिने भिंतीवरचा कागद दोनदा वाचला, गेज घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली रिंग माझ्या टेबलावर ठेवली. मी ती सांडूभाऊंनी गेजवर जादा बनवून ठेवलेल्या एका रिंगेवर ठेवली.

संध्याकाळी मी सांडूभाऊंना चितेगावला घरी फोन लावला. दुसरं काही बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून नव्या माणसाने रिंग केल्याचं सांगितलं.

"बसली का?" सांडूभाऊंनी विचारलं.

"बसली."

"माझ्यावाल्या रिंगंला?"

"हो. तुमच्याच."

"मंग गेज बरोबर बनलाय," ते म्हणाले. "माझ्या जागंवर आता कुनी बी बसंल."